मंडळ नव्हे, मंडल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी आणि इतर काही कारणांनी बोलताना राहून गेलेला भाग लिहिताना घातला आहे.)



सूत्रसंचालकांनी मघाशी माझी ओळख 'सुप्रसिद्ध मंडाला आर्टिस्ट' अशी करून दिली. त्यातलं सुप्रसिद्ध सोडून द्या. आपल्या गेटपासून सायखेड्याच्या बसस्टँडपर्यंत मला अजूनही 'ड्रॉइंगवाल्या मॅडम' म्हणूनच ओळखतात. पण दुसऱ्या शब्दाने या आठवड्यात बरीच गंमत केली. नोटीस बोर्डावर कार्यक्रमपत्रिका लागली तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "मंडाला म्हणजे कोणतं मंडळ हो? गणपतीचं की महिलांचं?"

काका फार चुकले नव्हते. शब्द एकच आहे. मंडल म्हणजे वर्तुळ, घेरा. आपण सूर्यमंडल म्हणतो, आणि माणसं घेर करून बसली की त्यांचं मंडळ होतं. 'मंडाला' हा उच्चार इंग्रजी स्पेलिंगवरून परत आपल्याकडे आला. मी आपली मंडलच म्हणते. नावाची अशीच फसगत आपल्या सोसायटीचीही झालीय. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो तेव्हा गावात सोसायटी म्हटलं की पीककर्ज देणारी विकास सोसायटीच लोकांना आठवायची. "सोसायटीत राहते" म्हटल्यावर माझ्या मावसबहिणीला वाटलं, आमच्या ह्यांना तिथे सेक्रेटरीची नोकरी लागली!

मी कशी शिकले ते सांगा, असं मला सांगितलं आहे. ते आजीपासून सुरू होतं. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गावठाणातल्या आमच्या जुन्या घरात राहायची. नदीपासून तिसरी गल्ली. अंगण सारवलेलं. पहाटे उठून ती रांगोळी काढायची. ओळीने ठिपके, मग ते जोडायचे. पंधरा ते आठ, सतरा ते नऊ, एकवीस ते अकरा. ज्यांना हा हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मधल्या ओळीत पंधरा ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत आठवर थांबायचं. आपोआप षट्कोन होतो. आजी चौथीपर्यंतही शिकलेली नव्हती, पण ठिपका कधी चुकला नाही. दहा वाजेपर्यंत बैल, पोरं, भाजीवाली सगळे त्यावरून चालून गेलेले असायचे. वडील म्हणायचे, "रोज पुसायचं तर रोज काढायचं कशाला?" आजी उत्तर द्यायची नाही. ती दुसऱ्या दिवशी वेगळी काढायची.

तिच्याकडे एक वही होती. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. तिच्यात निळ्या शाईच्या पेनाने तिने आपल्या सगळ्या मांडण्या उतरवून ठेवल्या होत्या. काही तिच्या आईच्या, काही चांदोरीच्या तिच्या बहिणीच्या, काही तिने स्वतः जुळवलेल्या. त्या वहीकडे पुन्हा येईन.

घरात सत्यनारायण किंवा वास्तुशांत असली की गुरुजी चौरंगावर रंगीत तांदळांचं सर्वतोभद्र मंडल मांडायचे. उभ्या एकोणीस रेघा, आडव्या एकोणीस, म्हणजे आत तीनशे चोवीस घरं. कोणत्या घरात कोणता रंग हे ठरलेलं. माझी नजर पूजेपेक्षा त्या घरांवरच असायची. सहावीत असताना मी गुरुजींना, "इथे हिरवा चुकला" असं सांगितलं होतं. हिरवा खरंच चुकला होता. आईने मला मांडवातून उठवून स्वयंपाकघरात पाठवलं.

मंडल म्हणजे गोलच असायला हवं असं नाही, हे मला त्या चौरंगावरून कळलं असणार. पुढे वेरूळला बाराव्या लेण्यात, ज्याला तीनताल म्हणतात, भिंतीवर कोरलेलं मंडल पाहिलं. नऊ चौकोन, मधल्यात बुद्ध आणि भोवतीच्या आठांत आठ बोधिसत्त्व. आपली सहल गेली होती तेव्हा मी तिथे वीस मिनिटं उभी राहिले आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून मला बाहेर काढलं, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

शाळेत एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा दिल्या. स्मरणचित्रात मी कच्ची. माझी माणसं सगळी बाभळीसारखी वाकडी यायची. पण संकल्पचित्र आणि भूमिती यांत मला कुणी धरू शकायचं नाही. कंपास हे माझं खरं माहेर म्हणा ना. नाशिकला ए.टी.डी. केलं, लग्न झालं, ह्यांची नोकरी ओझरला. मला शाळेत कायमची जागा कधीच मिळाली नाही. जागा निघायची, मुलाखत व्हायची, पुढचं तुम्हाला माहीत आहे. मग घरीच ग्रेड परीक्षेचे क्लास सुरू केले. आज समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी निम्म्यांनी माझ्या हॉलमधल्या फरशीवर पोस्टर कलर सांडलेला आहे. डाग अजून आहेत.

२०१० च्या सुमारास मी पहिलं मोठं मंडल काढलं. लोकांना वाटतं, हे सुचतं आणि हात आपोआप फिरतो. तसं काही नाही. आधी कागद. पातळ कागदावर कंपासचं टोक भोक पाडतं आणि सगळं केंद्रच हलतं, म्हणून जाड लागतो. मग एकात एक वर्तुळं. मग कोन. बारा पाकळ्या हव्या असतील तर तीस-तीस अंश, सोळा हव्या असतील तर साडेबावीस. साडेबावीस अंश कोनमापकावर अचूक धरणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं. पहिल्या पाकळीत अर्धा अंश चुकलात आणि तेच माप पुढे फिरवत नेलंत, तर सोळाव्या पाकळीला आठ अंशांची फट राहते. तिथे काहीही केलं तरी ती फट दिसते. म्हणून मी मुलांना शिकवते, आधी अर्धं कर, मग अर्ध्याचं अर्धं. पाव भाकरी करतो तसं. चूक झाली तरी तिथल्या तिथे राहते. आणि शाईने एखादी रेघ चुकलीच, तर तीच चूक उरलेल्या पंधरा ठिकाणी करायची. मग तिला नक्षी म्हणतात.

लोक मला विचारतात, "मंडल काढल्यावर मन शांत होतं ना?" दुकानात मंडलांची रंगवायची पुस्तकं मिळतात, त्यावर तसं छापलेलं असतं. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८-१९ च्या सुमारास, रोज सकाळी वहीत एक वर्तुळाकार चित्र काढायचा परिपाठ ठेवला होता. त्या दिवशीचं आपलं मन त्यात दिसतं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. पण दिसतं म्हणजे शांत होतं असं नाही. मी मंडल काढताना कितीदा तरी मनातल्या मनात भांडत असते. गॅसवर दूध असतं. पाण्याची मोटर बंद करायची असते.

पहिलं मंडल विकलं गेलं ते बाराशे रुपयांना. चाळीस तास लागले होते. सातशे रुपये फ्रेमवाल्याने घेतले. उरलेल्या पाचशेत कागद, पेनं आणि मी. ह्यांनी त्याचा तासाचा दर काढून दाखवला, साडेबारा रुपये. त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही.

आपल्याकडच्या मोठ्या चित्रकारांचं मी वाचत होते. सय्यद हैदर रझांचा काळा बिंदू तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. लहानपणी लक्ष स्थिर राहात नाही म्हणून शाळेत मास्तरांनी भिंतीवर बिंदू काढून त्याकडे बघत बसायला लावलं, तिथून तो आला असं ते सांगत. ते नागपूरला आणि मग मुंबईला जे. जे.त शिकले, पुढे अनेक दशकं फ्रान्समध्ये राहिले, आणि २०१६ साली गेल्यावर त्यांचं दफन वडिलांच्या कबरीशेजारी झालं ते मध्य प्रदेशातल्या मंडला या गावी. गावाचं नावच मंडला! मला हा योगायोग फार आवडतो. दुसरे प्रभाकर बरवे, अलिबागजवळच्या नागावचे. ते १९६१ ते ६५ बनारसला विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, तिथे तांत्रिक चित्रांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. पण त्यांनी पुढे ती चिन्हं बाजूला ठेवली आणि पान, घड्याळ, फळ अशा साध्या वस्तू काढायला घेतल्या. ते वाचलं तेव्हा मला राग आला होता. एवढं छान वर्तुळ हाताला लागलंय आणि सोडून का द्यायचं? त्याचं उत्तर मला नंतर मिळालं, आणि ते मी मागितलेलं नव्हतं.

नऊ वर्षांत साठ-सत्तर मंडलं जमली. आमचं घर लहान, क्लासची मुलं, म्हणून मी ती माहेरी, आईकडे ठेवली. लोखंडी पेटीत, पलंगाखाली. आजीची वहीही त्याच पेटीत होती. आजी गेली तेव्हा माझ्या नावाने ठेवलेली तेवढी एकच वस्तू.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. त्या दिवसाचं तुम्हाला काय सांगायचं? गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडलेलं, वरून पाऊस थांबत नव्हता, सायखेडा-चांदोरी दोन्ही गावांत पाणी. पुलाला पाणवेलींचा गठ्ठाच्या गठ्ठा अडकलेला. आपली सोसायटी उंचावर, म्हणून आपण कोरडे होतो आणि त्याची आपल्याला लाज वाटत होती, असं मला आठवतं. त्या रात्री आपल्या प्रत्येक घरात गावठाणातली दोन-तीन माणसं झोपली होती. हॉलमध्ये पिठलं-भात केला होता. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती, कुणालाही आठवलं नाही.

आईला मी सकाळीच इकडे आणलं होतं. तिच्यासोबत रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, गोळ्या, एक गोधडी आणि देव. पेटी जड होती. २०१६ च्या पुरात पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं होतं, तेव्हा यंदाही तसंच होईल, असं मी म्हटलं. मी म्हटलं, हे लक्षात ठेवा.

पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर आत घोट्याच्या वर गाळ. पेटी पलंगाखालून सरकून मोरीपाशी आलेली. झाकण उघडलं. पिगमेंट शाईच्या रेघा तशाच होत्या, अगदी टिकल्या होत्या, पण कागद फुगून एकमेकांना चिकटले होते. जलरंग सगळे वाहून एक तपकिरी रंग झाला होता. आणि वही. आजीने साध्या निळ्या शाईने लिहिलं होतं. पानं होती, पानांवर निळसर ढग होते, ठिपका एकही नव्हता. त्या वहीची झेरॉक्स काढायची, हे मी सोळा वर्षं म्हणत होते. झेरॉक्सचं दुकान बसस्टँडसमोर आहे.

यापुढचं मी भाषणात बोलले नाही, कारण आई पहिल्या रांगेत बसली होती. तिला ऐकू कमी येतं, तरी बोलले नाही. पण तिला वाचता येतं, चष्मा लावून ती पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, तेव्हा ही स्मरणिकाही वाचेल. त्या दिवशी घरी येऊन मी तिला म्हटलं, "पेटी माळ्यावर का नाही ठेवलीस?" शहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला. ती म्हणाली, "चुकलंच माझं." तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. सकाळी पेटीजवळ उभी राहून "हिला न्यायचं ना?" असं विचारणारी तीच होती. आई, हे मी पाच मिनिटांत तुला सांगायला हवं होतं. त्याला कितीतरी वर्षं झाली.

भिजलेले कागद तुम्ही सगळ्यांनी गच्चीवर वाळवले. कपड्यांच्या दोऱ्या, साड्या, चिमटे, जे मिळेल ते. मधेच सर आली की बारा बायका जिन्याने धावायच्या. माझ्या मनात ते सगळं टाकून द्यायचं होतं, पण तुम्ही इतक्या उत्साहाने वाळवत होतात की मला बोलता आलं नाही. सात महिने मी पेन हातात घेतलं नाही. क्लास घेतले, कारण परीक्षा थांबत नव्हत्या.

लॉकडाऊनमध्ये आई आमच्याकडेच होती. एक दिवस स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने ठिपके देत होती. विचारलं, काय करतेस? म्हणाली, "सासूबाईंची कासवाची आठवतेय का बघते." आठवत होती. तिने रांगोळी काढली, आणि ती शेवटी बंदच होईना. एक टोक उरलं. आम्ही दोघी दोन तास भांडलो. तिचं म्हणणं सतरा ते नऊ, माझं म्हणणं एकवीस ते अकरा. शेवटी एकोणीस ते दहा निघालं.

त्यानंतर मी पेटीतले कागद पुन्हा बाहेर काढले. पण आता त्यावर गाळाच्या रेघा होत्या, पाणी कुठपर्यंत चढलं आणि कसं उतरलं त्या. त्या पुसून पुन्हा स्वच्छ वर्तुळ काढणं मला जमेना. खोटं वाटायला लागलं. बरव्यांनी चिन्हं का सोडली असतील ते मला तेव्हा थोडंसं कळलं. मी नदीकाठचा गाळ आणला, मलमलच्या फडक्यातून गाळला, फेविकॉलमध्ये कालवून जुन्या मंडलांवर लावला. जाड थर दिला की वाळल्यावर तडकतो. तडे कंपासचं ऐकत नाहीत, कुठूनही कुठेही जातात. मग ठरवलं, तडा जाईल तिथूनच पुढची रेघ. कांद्याची टरफलं तर आपल्याकडे फुकट. लिलावाच्या आवारातून पोतंभर मिळतात. तुरटी घालून उकळली की सोनेरी पिवळा, गंजक्या खिळ्यांचं पाणी घातलं की शेवाळी. हा रंग उन्हात उडतो, तेव्हा विकताना मी तसं सांगूनच देते. गोणपाटाचे धागे, ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या चकत्या, हेही वापरलं. यालाच मिश्रमाध्यम म्हणतात. एका प्रदर्शनात एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "घरी टाकून देतो ते इथे टांगलंय." त्यांचं वर्णन तसं अचूक होतं.

पाणवेलींच्या कागदाबद्दल मात्र मला माफी मागायची आहे. पुलाला अडकलेल्या त्या वेलींचा कागद करावा असं मला वाटलं. देठ कापायचे, वाळवायचे, धुण्याचा सोडा घालून उकळायचे, धुवायचे, कुटायचे, रद्दीच्या लगद्यात मिसळून जाळीवर उचलायचे. कागद होतो, चांगला चिवट होतो. पण त्या देठात जवळजवळ सगळं पाणीच. दहा किलो आणले तर वाळून जेमतेम अर्धा किलो राहतात. आणि नीट वाळण्याआधी पावसाने गाठलं की कुजतात. त्या वर्षी गच्चीवर काय वास सुटला होता, ते बी-बिल्डिंगवाल्यांनी लेखी कळवलं आहे. वार्षिक सभेच्या इतिवृत्तात 'विषय क्रमांक ७ : गच्चीवरील दुर्गंधी' असा त्याचा उल्लेख आहे, इच्छुकांनी पाहावा. चर्चा पाऊण तास झाली. ठराव असा झाला की गच्ची बंद, पण पंपहाउसमागची मोकळी जागा मला वापरायला द्यायची, भाडं नाही, फक्त दर रविवारी जागा धुवायची. सूचक आणि अनुमोदक दोघेही तक्रारदारच होते. माझी आत्तापर्यंतची सगळी गाळाची कामं त्या पंपहाउसमागे झालेली आहेत.

तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचं मंडल दिवसेंदिवस खपून करतात आणि पूर्ण झालं की झाडून गोळा करून वाहत्या पाण्यात सोडतात. कार्यशाळांत हे सांगितलं की लोक माना डोलावतात, आणि मला विचारतात, "मग तुम्हालाही पुराचं दुःख झालं नसेल?" झालं. भिक्षूंनी स्वतःहून सोडलेलं असतं. माझं नेलं गेलं. आजीचं अंगणातलं रोज पुसलं जायचं, ते तिला चालायचं, कारण वहीत होतं. वही गेली तेव्हा पुसणं म्हणजे काय हे मला कळलं.

आता शेवटचं, आणि कामाचं. आई आणि मी मिळून आजीच्या वहीतल्या बावीस मांडण्या परत जमवल्या आहेत. या वेळी वही दोन प्रतींत आहे, एक आमच्याकडे, एक ऑफिसच्या कपाटात, आणि पोरांनी मोबाईलवर फोटोही काढलेत. वहीत निदान शंभर तरी होत्या. बऱ्याच चांदोरीच्या आणि गावठाणातल्या बायकांनी एकमेकींकडून घेतलेल्या, म्हणजे त्या आणखी कुणाच्या तरी घरात असणार. तुमच्याकडे आजीची, सासूबाईंची, आत्याची अशी वही, जुन्या दिनदर्शिकेमागे काढलेली एखादी रांगोळी, काहीही असेल तर मला दाखवा. मी वही घरी नेणार नाही. तुमच्यासमोर बसून उतरवून घेईन. मला विशेष करून ते कासव हवं आहे. आमचं एकोणीस ते दहाचं कासव बंद होतं, पण आई म्हणते, त्याची शेपटी सासूबाईंच्या कासवासारखी नाही.

गेटसमोरची आजची रांगोळी माझ्या क्लासच्या मुलांनी काढली आहे, पंचवीस ते तेरा. जेवायला जाताना बाजूने जा. येताना वरून चालून आलात तरी हरकत नाही.